कापलेला दीड वेढा

मी मोटार मेकॅनिक शिकवतो. नांदेड जिल्ह्यातल्या एका आयटीआयमध्ये, गेली अकरा वर्षं. दरवर्षी पावसाळा संपता संपता स्प्रिंगचा धडा येतो. मी फळ्यावर स्प्रिंग काढतो, तिचे वेढे मोजतो आणि सांगतो, की वेढे कमी केले तर स्प्रिंग नुसती आखूड होत नाही, कडकही होते. हे मी इतक्यांदा सांगितलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन. त्यामुळे पुढचं सगळं लिहिताना ‘मला माहीत नव्हतं’ असं म्हणायची मला सोय नाही.

गाडी जुनीच घेतली होती. पांढरी सेडान, आधीच्या मालकाने जपून वापरलेली. आमच्या घरातली पहिली चारचाकी. बायको, मुलगी आणि मी, तिघांना पुरून उरायची. दोन वर्षं ती होती तशीच चालवली आणि मला तिच्यात काही कमी वाटलं नाही. मग साडूंनी मोठी गाडी घेतली.

साडू लातूरला असतात, बांधकामाच्या सामानाचं दुकान आहे. त्यांची गाडी एवढी उंच की आत चढायला पायरी. सासुरवाडी चाकूर तालुक्यातल्या एका खेड्यात. तिथे सणावाराला दोन्ही गाड्या शेजारी लागल्या की माझी गाडी त्यांच्या गाडीच्या सावलीला बसल्यासारखी दिसायची. साडू कधी एका शब्दाने काही बोलले नाहीत. उलट चावी पुढे करून म्हणायचे, “चालवून बघा की एकदा.” खोट त्यांच्यात नव्हती. ती सावली माझ्याच डोळ्यांत खुपायची.

उंचीत बरोबरी होणार नव्हती, म्हणून मी गाडी खाली घ्यायचं ठरवलं. मोबाईलवर तसले व्हिडिओ बघायचा नाद लागला होता. रस्त्याला टेकल्यासारख्या धावणाऱ्या गाड्या, चाक आणि मडगार्डच्या मधे बोटभरही फट नाही. मेहुण्याचं लग्न लातूरला ठरलं होतं. लग्नात गाडी तशी न्यायची, एवढंच डोक्यात बसलं.

नांदेडला जुन्या मोंढ्याजवळ एक वयस्कर मिस्त्री आहेत. सगळे त्यांना उस्ताद म्हणतात, मीही म्हणतो. स्प्रिंगा आणि शॉकअपच्या कामात त्यांचा हात धरणारं दुसरं कुणी मला ठाऊक नाही. त्यांना विचारलं.

“होतंय की सर,” ते म्हणाले. “पण सामान मागवावं लागतं. खाली करायच्या स्प्रिंगा येगळ्या येतात, अन् त्यांच्या जोडीचे आखूड शॉकअप. पंधरा-वीस रोज धरून चाला.”

“लग्न आठ दिवसांवर आलंय उस्ताद. आहेत त्याच स्प्रिंगा कापल्या तर?”

उस्तादांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि माझ्याकडे नीट पाहिलं. “कापायचं काम मी करत नसतो. अन् सर, तुमी तर शिकवता हे.”

मी ते हसण्यावारी नेलं.

रविवारी आयटीआयचं वर्कशॉप उघडलं. किल्ली माझ्याकडेच असते. एकट्याने गाडी जॅकवर घेतली, स्प्रिंगा काढल्या आणि ग्राइंडरने पुढच्या दीड-दीड वेढा आणि मागच्या एक-एक वेढा कापल्या. कापलेली टोकं चकाकत होती. कुणाच्या नजरेला पडू नयेत म्हणून त्यांना काळा रंग मारला. रंग मारताना मी काय करतोय हे मला पुरतं कळत होतं. नाही तर लपवलं कशाला असतं? वर मोठी चाकं आणि पातळ टायर घातले. संध्याकाळी गाडी जॅकवरून उतरवली आणि लांब जाऊन बघितली. खरं सांगतो, देखणी दिसत होती.

लग्नात मांडवाच्या तोंडाशीच उभी केली. लोकांनी तिच्यापुढे उभं राहून फोटो काढले. साडू दोनदा म्हणाले, “वा, एक नंबर!” सासरे मात्र गाडीभोवती एक चक्कर मारून पुढच्या मडगार्डपाशी थांबले. त्यांना मी मामा म्हणतो. मामांनी तिथे तळहात ठेवून जोर दिला. गाडी हलली नाही. त्यांनी हात काढून घेतला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “झाक दिसती.”

मामा एसटीत ड्रायव्हर होते. तीस वर्षं. उदगीर, देगलूर, अहमदपूर, सगळ्या बाजूचे रस्ते त्यांच्या पाठीतून गेलेत. त्या पाठीनेच मग दगा दिला.

लग्नाहून परतताना लोह्याच्या अलीकडे बायको म्हणाली, “अहो, गाडी एवढी का आदळायलीय?”

“रस्ताच तसा आहे,” मी म्हणालो. तिला गाडीतलं कळत नाही आणि तिचा माझ्यावर विश्वास आहे. तिने पुन्हा विचारलं नाही. गाडी खरं तर स्प्रिंगवर चालतच नव्हती. स्प्रिंग आखूड झाल्यामुळे शॉकअपला खालीवर व्हायला जागाच उरली नव्हती. जरा खड्डा आला की तो आतल्या रबरी ठोकळ्यावर आपटायचा, आणि तो दणका सरळ बसणाऱ्याच्या मणक्यात जायचा. वर्गात मी हे सोप्या भाषेत सांगतो. घरात सांगितलं नाही.

चार महिन्यांनी मामांच्या मणक्याचं ऑपरेशन झालं, लातूरला. चौथ्या दिवशी घरी सोडलं. डॉक्टरांनी कमरेला पट्टा दिला आणि बजावलं, की थोडं थोडं चाला, पण कमरेत वाकू नका आणि हिसका बसू देऊ नका.

दवाखान्याच्या दारात आम्ही सगळे उभे होतो. साडूंनी त्यांच्या गाडीचं मागचं दार उघडून ठेवलं होतं, आत गादी घातली होती. मीच पुढे झालो.

“मामा, माझ्या गाडीत चला. त्या उंच गाडीत चढायला त्रास होईल. हिच्यात पोटातलं पाणी हलायचं नाही.”

साडू काही म्हणणार होते. मामा म्हणाले, “जाऊ द्या. जावईबापू एवढे म्हणायलेत तर त्यांच्या गाडीत बसतो.”

सासूबाई आणि बायको औषधं व कागदपत्रं घेऊन साडूंबरोबर मागून येणार होत्या. मामा माझ्या गाडीत बसायला आले. खाली घेतलेल्या गाडीत बसायला माणसाला किती वाकावं लागतं, हे मी कधी पाहिलंच नव्हतं. मी स्वतः धडधाकट, रोज सीटवर अंग झोकून देतो. मामांनी दाराची चौकट धरली, गुडघे वाकवले, हळूहळू खाली आले. शेवटचं वीतभर अंतर त्यांना सांभाळता आलं नाही. ते सीटवर पडले आणि त्यांनी डोळे मिटून घेतले. मी उशी त्यांच्या पाठीशी लावली.

शहराबाहेर पडेपर्यंत मी चालण्याच्या वेगाने गाडी चालवत होतो. पुढे हायवेचं काम चालू होतं, म्हणून वाहतूक जुन्या रस्त्याने वळवली होती, गावांच्या मधून. पहिला स्पीडब्रेकर आला. मी गाडी तिरपी घेतली. तरी खालचा पत्रा खर्रकन घासला आणि मागचं चाक धप्पकन उतरलं. आरशात बघितलं. मामांनी खालचा ओठ दाताखाली धरला होता.

“लागलं का मामा?”

“न्हाई. चाला तुम्ही.”

दुसऱ्या स्पीडब्रेकरच्या अलीकडे ते म्हणाले, “बापू, थांबवा जरा. मी उतरतो. वजन कमी झालं म्हंजी गाडी बरुबर निघंल.”

त्या क्षणी मी नाही म्हणायला हवं होतं. गाडी तिथेच लावून साडूंना फोन करायला हवा होता, ते तासाभराने त्याच रस्त्याने येणार होते. पण दवाखान्याच्या दारात सगळ्यांसमोर बढाई मारून झाली होती. मी गाडी थांबवली. मामांना हाताला धरून उतरवलं. ते कमरेच्या पट्ट्यावर दोन्ही हात ठेवून सावकाश चालत स्पीडब्रेकरच्या पलीकडे गेले. मी रिकामी गाडी अलगद काढली आणि पुढे जाऊन त्यांची वाट बघत थांबलो.

बाजूला चहाची टपरी होती. तिथला एक जण ओरडला, “काय राव, पेशंट चालून राहिला अन् गाडी निवांत!” सगळे हसले. मामाही हसले, त्यांना साथ दिल्यासारखे. तरी मी पुढे गेलो.

असं तीनदा झालं. उतरायचं, चालायचं, पुन्हा वाकून बसायचं. चौथ्या वेळी मामा उतरले, चालले, आणि दारापाशी येऊन थांबले. चौकटीला हात लावला. गुडघा वाकवला आणि परत सरळ केला. त्यांच्या कपाळावर घाम आला होता.

“आता न्हाई जमायचं,” ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. सांगितलं फक्त.

ते विजेच्या खांबाला धरून उभे राहिले. मी साडूंचा नंबर काढला आणि तरीही लावला नाही. काय सांगायचं, हेच जुळवत होतो. तेवढ्यात लातूरकडून एसटी आली. मामांनी हात केला. तो हात कसा करायचा हे त्यांना माहीत होतं. गाडी जागेवर थांबली. ड्रायव्हर तरणा होता, खिडकीतून वाकून बघतो तर त्याचा चेहराच बदलला.

“अहो दादा, तुम्ही? अन् पट्टा कशाचा?”

“पाठीचं काम झालंय. जावयाची गाडी जराशी तापली. फाट्यावर सोडतो का?”

कंडक्टर खाली उतरला. त्याने आणि मी मिळून मामांना चढवलं. पायऱ्या उंच होत्या, पण पाठ ताठ ठेवून चढता येत होतं. पुढच्या सीटवरची बाई मुलाला घेऊन न सांगता उठली. मामा सरळ बसले, दांडीला धरलं आणि मला हाताने खूण केली, मागं मागं या म्हणून.

मी एसटीच्या मागे मागे निघालो. बस भरलेली होती. पुढचा स्पीडब्रेकर आला तशी ती हळू झाली, डुलली आणि पार झाली. माझी गाडी रिकामी असूनही घासली. मागच्या सीटवरची उशी खाली पडली होती. मला बसच्या पुढे जाता आलं असतं, रस्ता मोकळा होता. मी गेलो नाही. जाऊन करणार काय होतो?

फाट्यावर मामा उतरले. गाव तिथून दोन किलोमीटर आत. मी धावत गेलो. म्हणालो, “मामा, इथे सावलीत थांबू. साडूभाऊ येतीलच, त्यांच्या गाडीत बसा. मी सांगतो त्यांना सगळं.”

“काय सांगता?”

मी हातातल्या चावीकडे बघितलं.

“दार उघडा,” मामा म्हणाले. “घरापुढं तुमच्याच गाडीतून उतरतो.”

“मामा, वाकायला लागेल.”

“लागू द्या. जावई मोकळी गाडी घेऊन आला अन् सासरा दुसऱ्याच्या गाडीत आला, असं गावात नको. हिचं तोंड उतरंल.”

हिचं म्हणजे माझ्या बायकोचं, त्यांच्या लेकीचं. मी पुढची सीट पूर्ण मागे सरकवली, पाठ पाडली. ते बसले. त्यांचे पाय मी उचलून आत ठेवले. दोन किलोमीटरला मला जवळजवळ अर्धा तास लागला. एकेक खड्डा मी असा ओलांडला, जणू तो माझ्याच हाताने खणलेला होता.

घरापुढे शेजारी जमले होते. मामा त्यांना म्हणाले, “दाराशी आणून सोडलं बघा जावयानं.” मग आत जाऊन पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. थोड्या वेळाने साडूंची गाडी आली. बायको घाईने आत वडिलांकडे गेली. “अण्णा, कसे आलात? त्रास नाही ना झाला?”

“निवांत आलो,” मामा म्हणाले.

साडू माझ्या पाठीवर थाप मारत म्हणाले, “मानलं तुमच्या गाडीला.” आणि बायकोने माझ्याकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत माझ्याविषयी जे होतं, ते मला सहन झालं नाही. पाणी प्यायच्या निमित्ताने मी बाहेर गेलो.

नांदेडला परतल्यावर तीन आठवडे मी कुणाला काही सांगितलं नाही. गाडी घरापुढे झाकून ठेवली आणि बसने जाऊ लागलो. त्याच सुमारास वर्गात स्प्रिंगचा धडा आला. फळ्यावर पाच वेढे काढले, सहावा काढताना हात थांबला. “हे उद्या बघू,” म्हणालो आणि ब्रेकचा धडा घेतला. दुसऱ्या दिवशीही ब्रेकच घेतला.

शेवटी एका दुपारी स्वयंपाकघरात बायकोला सगळं सांगितलं. ग्राइंडर, काळा रंग, टपरी, एसटी, फाटा. ती भाजी निवडत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

“किती वेळा उतरवलं अण्णांना?”

“चारदा. चौथ्यांदा परत बसताच आलं नाही.”

तिने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, “तुम्ही हेच शिकवता ना?” एवढंच. ताट उचलून बाहेर गेली. पुढचे आठ-दहा दिवस ती माझ्याशी कामापुरतंच बोलली आणि मला तेवढंही जास्त वाटत होतं.

मी उस्तादांकडे गेलो. कापलेल्या स्प्रिंगा त्यांनी काढल्या. टोकांवरचा काळा रंग नखाने खरवडून पाहिला. “हे कुणी केलं?” असं त्यांनी विचारलं नाही. मीच मामांचं सांगितलं. ते म्हणाले, “आता पेशंट कसा हाय?”

“बरे आहेत. चालतात.”

“मग बोला. कंपनीच्या उंचीवर परत न्यायची, का खालीच पायजे?”

इथे खोटं बोलायचा मोह झाला. पण खरं हे, की एवढं होऊनही ती गाडी मला खालीच आवडत होती. मान खाली घालून मी तसं सांगितलं.

“मान कशाला घालता?” उस्ताद म्हणाले. “हौस हाय, ठीक. पण बसणाऱ्याला धरून करू.”

या वेळी मी थांबलो. सामान यायला तीन आठवडे लागले. नव्या स्प्रिंगा गाडीला फक्त एक इंच खाली घेणाऱ्या होत्या. वरचे वेढे जवळ जवळ, खालचे लांब लांब, म्हणजे लहान खड्ड्याला मऊ आणि मोठ्याला घट्ट. त्यांच्याच मापाचे आखूड शॉकअप, नवे रबरी ठोकळे. पातळ टायर काढून जाड कडेचे परत घातले. मग उस्ताद म्हणाले, रिकाम्या गाडीवर काही कळत नाही. डिकीत सोयाबीनची दोन पोती टाकली, ते स्वतः मागच्या सीटवर बसले आणि मला नायगावच्या रस्त्याने गाडी काढायला लावली.

“इथं उसळती,” ते मागून म्हणायचे. “थांबा.” मग खाली उतरून शॉकअपची खिट्टी एक खाच ढिली करायचे, आणि परत तोच खड्डा. एका खड्ड्यावरून आम्ही सहा वेळा गेलो. सातव्यांदा उस्ताद काही बोलले नाहीत. आरशात पाहिलं तर ते खिडकीबाहेर बघत होते. परत येताना एकाही स्पीडब्रेकरला पत्रा घासला नाही.

पुढच्या रविवारी मी मामांकडे गेलो. ते अंगणात फेऱ्या घालत होते. मी म्हणालो, “मामा, स्प्रिंगा मी स्वतः कापल्या होत्या.”

“म्हाईत हाय,” ते म्हणाले. “लग्नात हात ठिवला तवाच कळलं. गाडी रबरावर बसली व्हती.”

“मग दवाखान्यातच का नाही म्हणालात?”

“चार माणसांत जावयाला कसं म्हणू?” त्यांनी एक फेरी पुरी केली. “आन् मला वाटलं, तुम्ही एखाद्या स्पीडब्रेकरला म्हणाल. मी वाट बघत व्हतो.”



दोन महिन्यांनी त्यांना तपासणीला लातूरला न्यायचं होतं. मी साडूंना सांगून ठेवलं होतं, त्यांची गाडीही तयार होती. मामा बाहेर आले, दोन्ही गाड्या पाहिल्या आणि माझ्या गाडीकडे आले. बसताना पूर्वीसारखं पडावं लागलं नाही. वाटेत ते सोयाबीनच्या भावाचं बोलत होते. पण पहिला स्पीडब्रेकर दिसला तसं त्यांचं बोलणं थांबलं आणि हात आपसूक दाराच्या कडीवर गेला. गाडी डुलून पार झाली. हात कडीवरच होता. चाकूर गेलं, लातूर जवळ आलं, तरी प्रत्येक स्पीडब्रेकरला तो हात तिथे जातच राहिला. त्यांना ते कळत नसावं. मला दिसत होतं.

डॉक्टरांनी पट्टा सोडायला सांगितला आणि थोडी गाडी चालवायलाही हरकत नाही म्हणाले. बाहेर आल्यावर मामांनी हात पुढे केला. “चावी द्या. बघू कशी हाय.”

बायको पुढे बसली. मी मागे, जिथे ते त्या दिवशी बसले होते. एवढ्या वर्षांत मी स्वतःच्या गाडीच्या मागच्या सीटवर कधी बसलोच नव्हतो. मामांनी आरसा नीट केला, सीट उंच केली, आणि भरलेली एसटी चालवावी तशी गाडी काढली, चाळीसच्या वर न जाता. प्रत्येक खड्ड्याआधी ते आरशातून माझ्याकडे बघायचे. “बसला का दणका?” असं विचारायचे.

“नाही मामा,” मी म्हणायचो.

बायको काचेबाहेर बघत होती. बऱ्याच वेळाने ती म्हणाली, “अण्णा, सावकाश. मागं माणूस हाय.”

ती कुणाला लावून बोलली, हे मी विचारलं नाही.